'लंडन कॅन टेक इट!' : नऊ मिनिटांच्या फिल्ममध्ये नसलेली भीती

रेवा

मंडळी, गेला महिनाभर एक नऊ मिनिटांची फिल्म डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढते आहे. 'लंडन कॅन टेक इट!', १९४० सालची. ब्रिटनच्या पोस्टखात्याचा स्वतःचा एक फिल्म विभाग होता, जीपीओ फिल्म युनिट. त्याने ती तिथल्या माहिती मंत्रालयासाठी काढली. दिग्दर्शक दोघं, हंफ्री जेनिंग्ज आणि हॅरी वॉट. संकलन स्ट्यूअर्ट मॅकअ‍ॅलिस्टरचं. निवेदन क्वेंटिन रेनॉल्ड्स या अमेरिकन पत्रकाराचं, जो 'कॉलियर्स' साप्ताहिकासाठी लंडनहून युद्धाच्या बातम्या पाठवायचा. यूट्यूबवर सहज मिळते. जमलं तर आधी बघून या.

त्यात घडतं ते एवढंच. संध्याकाळ होते, लोक कामावरून परततात. निवाऱ्यांबाहेर अंथरूण-पांघरूण घेऊन रांगा लागतात. भोंगा होतो. सर्चलाइटचे झोत आभाळ चाचपू लागतात, विमानवेधी तोफा सुरू होतात. आत जमिनीवर माणसं दाटीवाटीने झोपलेली. मग सकाळ. रस्त्यात काचांचा खच, एक दुमजली बस घराच्या भिंतीला टेकून तिरपी उभी, आणि त्यातूनच वाट काढत लोक कामाला निघालेले. रेनॉल्ड्स सांगत असतो की मी तटस्थ वार्ताहर आहे, या लोकांना जगताना आणि मरताना मी पाहिलंय, आणि इथे घबराट नाही, भीती नाही, निराशा नाही. खाली पडलेला मुष्टियोद्धा पुन्हा उठतो की नाही यावर त्याची पारख होते, आणि लंडन रोज सकाळी उठतं, असं तो म्हणतो. बॉम्ब घरं पाडेल, माणसं मारेल, पण या लोकांची हिंमत त्याला मारता येणार नाही, हा शेवट.

पहिल्यांदा बघितली तेव्हा माझा गळा दाटून आला. खोटं कशाला सांगू. दुसऱ्यांदा बघताना, यात काय नाही, ते शोधायला लागले. आणि तिसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघितली. तुम्हीही करून बघा. निवेदन गेलं की त्या चेहऱ्यांवर शौर्य वगैरे काही दिसत नाही, थकवा दिसतो. रात्रभर न झोपलेल्या माणसाला सकाळी आठच्या गाडीला जावं लागतं तेव्हा तो जसा दिसतो, तशी ती माणसं दिसतात. शौर्य रेनॉल्ड्सच्या आवाजात आहे. तो आवाज मात्र विलक्षण आहे हं, खालच्या पट्टीतला, कानाशी बसून बोलल्यासारखा. कुठे ओरडणं नाही, जर्मनांना शिव्याशाप नाहीत.

ते तसं असण्याचं कारण आहे. ही फिल्म मुळात लंडनच्या लोकांसाठी नव्हतीच. ती अमेरिकेसाठी होती. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेली नव्हती, नोव्हेंबरमध्ये तिथे अध्यक्षपदाची निवडणूक होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी पसरवलेल्या जर्मन क्रौर्याच्या कहाण्यांपैकी कितीतरी नंतर बनावट निघाल्या होत्या, त्यामुळे प्रचार म्हटला की अमेरिकन माणूस कान टवकारायचा. म्हणून सरकारने स्वतःचं नाव मागे ठेवलं आणि एका अमेरिकन माणसाने आपल्या माणसांना पाठवलेला वृत्तांत म्हणून फिल्म पुढे केली. वितरण वॉर्नर ब्रदर्सचं. ऑस्करचं नामांकनही मिळालं. ब्रिटनमध्ये जरा आखूड करून दाखवली, 'ब्रिटन कॅन टेक इट' या नावाने, कारण बॉम्ब काही एकट्या लंडनवर पडत नव्हते.

आता जे यात नाही त्याबद्दल. ७ सप्टेंबर १९४० ला दुपारी लंडनच्या गोद्यांवर पहिला मोठा हल्ला झाला. त्यानंतरच्या ५७ रात्रींत एखादी रात्र सोडली तर रोज. मे १९४१ पर्यंत ब्रिटनमध्ये सुमारे ४३ हजार नागरिक गेले, त्यातले जवळपास निम्मे लंडनचे. पूर्व लंडनमध्ये कॅनिंग टाउन म्हणून गोदी कामगारांची वस्ती आहे. तिथे साउथ हॉल्सव्हिल नावाच्या शाळेत घर गमावलेली शेकडो कुटुंबं आणून ठेवली होती. बस येतील, तुम्हाला सुरक्षित जागी नेतील, असं त्यांना सांगितलं होतं. बस आल्या नाहीत. १० सप्टेंबरच्या पहाटे शाळेवर बॉम्ब पडला. सरकारी आकडा ७७. वस्तीतले लोक आजही सांगतात की मेलेल्यांची संख्या कितीतरी पट होती. ही बातमी तेव्हा धड छापूनही आली नाही.

आणि फिल्मभर जे निवारे शांत, शिस्तीचे दिसतात ना, त्यांच्यासाठी लोकांना भांडावं लागलं होतं. भुयारी रेल्वेची स्टेशनं निवारा म्हणून वापरू द्यायला सरकारचा सुरुवातीला विरोध होता. लोकांनी सर्वात स्वस्त तिकीट काढलं, खाली उतरले आणि वर आलेच नाहीत. १४ सप्टेंबरला पूर्व लंडनमधल्या स्टेपनी वस्तीचे काही लोक कम्युनिस्ट कार्यकर्ता फिल पिरॅटिनच्या पुढाकाराने थेट सॅव्हॉय हॉटेलच्या निवाऱ्यात घुसले, कारण श्रीमंतांच्या तळघरात गाद्या होत्या आणि यांच्याकडे विटांच्या कच्च्या खोल्या.

माझं म्हणणं फिल्म खोटी आहे असं नाही. लोक खरंच सकाळी उठून कामाला गेले. पण 'भीती नाही' हे वाक्य मला सलतं. त्या माणसांच्या धैर्यातून त्यांची भीती आणि त्यांचा राग काढून घेतला, तर उरतं ते त्यांचं धैर्य राहत नाही, सरकारच्या सोयीचं धैर्य होतं. तुम्हाला काय वाटतं?

---

उत्तररात्र

वाचनखूण साठवली. आवाज बंद करून बघितली आत्ताच. ती बाई दुकानाच्या फुटलेल्या दर्शनी खिडकीतून पाय उचलून ये-जा करते ना, आवाजासह बघताना ते गमतीचं वाटतं. आवाजाशिवाय मी तिच्या पायाखालच्या काचा बघत बसलो.

---

सुभेदार_निवृत्त

रेवाताई, लेख आवडला, पण थोडं उलट बाजूने बोलतो. राग मानू नका.

मी २८ वर्षं फौजेत काढली. आघाडीवर कुणाला भीती वाटत नाही असं नसतं, सगळ्यांना वाटते. पण रात्री पहाऱ्यावर जाणाऱ्या पोराला 'तुझ्या हाताला कंप सुटलाय' असं सांगणारा हवालदार मी पाहिला नाही. त्याला सांगावं लागतं, 'तू करशील.' आणि तो करतो. ते वाक्य तेव्हा खरं नसतं, सांगितल्यामुळे खरं होतं.

१९४० चा ऑक्टोबर डोळ्यांपुढे आणा. फ्रान्स जूनमध्ये पडलेला. समोर हिटलर, आणि ब्रिटन एकटा उभा, युरोपात दुसरं कुणी लढणारं उरलेलं नाही. अमेरिकेची मदत आली नाही तर खेळ संपलेला. अशा वेळी कॅनिंग टाउनची शाळा पडद्यावर दाखवली असती, तर अमेरिकेने म्हटलं असतं की हे बुडतं जहाज आहे, यात पैसे कशाला घालायचे. मार्च १९४१ मध्ये अमेरिकेत लेंड-लीजचा, म्हणजे मित्रदेशांना युद्धसामग्री पुरवण्याचा, कायदा झाला. त्यामागे अशा फिल्म्सचा किती वाटा होता ते मोजता येणार नाही, पण वाटा होता असं मी मानतो. हरलेल्या देशाला आपल्या चुका दाखवणाऱ्या फिल्म काढायची संधीही मिळत नाही.

---

रेवा

काका, राग कसला. तुमचा 'सांगितल्यामुळे खरं होतं' हा मुद्दा मी लिहिताना धरलाच नव्हता आणि तो मोलाचा आहे. फक्त एक फरक वाटतो. तुमचा हवालदार त्या पोराच्या शेजारी उभा असतो, त्याच्याच खंदकात. ज्या खात्याने ही फिल्म काढवली त्याच सरकारने बस वेळेवर पाठवल्या नव्हत्या.

---

सुभेदार_निवृत्त

हे मान्य. त्याला उत्तर नाही माझ्याकडे.

---

गलबत

हंफ्री जेनिंग्जबद्दल थोडी भर. १९३७ मध्ये टॉम हॅरिसन आणि चार्ल्स मॅज यांच्याबरोबर 'मास ऑब्झर्व्हेशन' सुरू करणाऱ्यांत हा जेनिंग्ज होता. सामान्य ब्रिटिश माणूस काय बोलतो, काय खातो, कशाला घाबरतो, हे स्वयंसेवकांनी टिपून ठेवायचं, असा तो उपक्रम. जेनिंग्ज लवकरच त्यातून बाहेर पडला, पण संस्था चालू राहिली आणि युद्धात तिचे निरीक्षक बॉम्बहल्ल्यानंतर त्या त्या गावात जाऊन अहवाल लिहायचे.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्रीवर हल्ला झाला. ५०० हून जास्त माणसं गेली, गावाचा मधला भाग जळाला. दुसऱ्या दिवशी मास ऑब्झर्व्हेशनची माणसं तिथे पोचली. त्यांनी जे नोंदवलं त्यात रस्त्यात रडणाऱ्या, ओरडणाऱ्या, बेशुद्ध पडणाऱ्या बायका आहेत, आणि संध्याकाळ होताच मिळेल त्या वाहनाने गावाबाहेर पळणारी माणसं आहेत. म्हणजे ज्याने 'भीती नाही' म्हणणारी फिल्म केली, त्यानेच उभारायला मदत केलेल्या संस्थेने भीतीची सगळ्यात प्रामाणिक नोंद ठेवली. मला दोन्ही कामांत एकच ओढ दिसते. जेनिंग्जला माणसांचे चेहरे बघायचे होते. पुढे १९४२ मध्ये 'लिसन टू ब्रिटन' करताना त्याने आणि मॅकअ‍ॅलिस्टरने निवेदन पूर्णच काढून टाकलं. फक्त आवाज आणि चित्रं. परदेशी प्रेक्षकांसाठी सुरुवातीला एक छोटं भाषण मागाहून जोडलं गेलं, ते सोडा. रेवा, तुम्ही आवाज बंद करून जो प्रयोग केला, त्याच दिशेने तो दोन वर्षांनी निघाला होता.

१९४३ ची 'फायर्स वेअर स्टार्टेड' पण जरूर बघा. अग्निशामक दलाच्या एका रात्रीची गोष्ट आहे. त्यातली माणसं खरी बंबवाली आहेत आणि त्यातला एक जण मरतो. तिथे भीतीही आहे. १९५० मध्ये ग्रीसमधल्या पोरोस बेटावर चित्रीकरणाच्या जागा बघताना कड्यावरून पडून जेनिंग्ज गेला, तेव्हा तो अवघ्या ४३ वर्षांचा होता.

---

माधवी_वाई

'लिसन टू ब्रिटन' आज रात्री बघते. गलबत, प्रतिसाद फार आवडला.

---

चंद्रकोर७१

लंडनचं मला फार माहीत नाही, पण भोंग्याचं माहीत आहे. डिसेंबर १९७१ मध्ये मी गिरगावात तिसरीत होते. ३ तारखेला युद्ध सुरू झालं. आईने खिडक्यांच्या तावदानांना काळा कागद खळीने चिकटवला, आणि फुटलेली काच उडू नये म्हणून वर पट्ट्या लावल्या. मोटारींच्या दिव्यांचा अर्धा भाग काळा रंगवलेला असायचा. भोंगा झाला की चाळीतले सगळे जिन्याखाली. कुणी विडी पेटवली तरी चार घरांतून ओरडा व्हायचा.

मुंबईवर बॉम्ब पडले नाहीत. पण त्या दहा-बारा रात्रींत आमच्या शेजारच्या काकूंनी अंधारात पोळ्या लाटल्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज मला अजून आठवतो. नंतर चाळीत कुणी त्या दिवसांबद्दल बोललं की 'काय मजा यायची' असंच बोलायचं. मी एकदा आईला विचारलं, तुला भीती वाटायची का? ती म्हणाली, 'तुझे बाबा रात्रपाळीला होते, तुला काय वाटतं?' ती चाळीत कधीच हे बोलली नाही.

रेवा, तू म्हणतेस तसं सरकारने भीती काढून घेतली हे खरं असेल. पण माणसं स्वतःही ती काढून ठेवतात गं. चारचौघांत सांगायला 'मजा' जास्त सोपी असते.

---

रेवा

चंद्रकोरताई, तुमच्या आईंचं उत्तर वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. हो, लोक स्वतःच आपली गोष्ट घासूनपुसून ठेवतात, आणि सरकारी फिल्मला तीच घासलेली गोष्ट आयती मिळते.

---

छायालेखक_नाशिक

छायाचित्रांबद्दल दोन गोष्टी.

ढिगाऱ्यातून दुधाच्या बाटल्या घेऊन चालत जाणारा गवळी, हा फोटो सगळ्यांनी पाहिला असेल. फ्रेड मॉर्लीने ९ ऑक्टोबर १९४० ला काढला. तो माणूस गवळी नव्हता, छायाचित्रकाराचा मदतनीस होता. नुसता ढिगारा दाखवला तर सेन्सॉर फोटो पास करत नसत, म्हणून मॉर्लीने गवळ्याचा अंगरखा आणि बाटल्या मागून घेतल्या आणि मदतनीसाला चालायला लावलं. मागे बंबवाले खरे, ढिगारा खरा, पाणी खरं.

दुसरा फोटो सेंट पॉल्स कॅथीड्रलचा, धुराच्या लोटांतून घुमट वर आलेला. हर्बर्ट मेसनने २९ डिसेंबरच्या रात्री 'डेली मेल'च्या गच्चीवरून काढला. लंडनमध्ये तो छापला 'बघा, आम्ही अजून उभे आहोत' म्हणून. काही आठवड्यांनी तोच फोटो बर्लिनच्या एका सचित्र साप्ताहिकाने छापला, 'बघा, लंडन जळतंय' म्हणून. खालचा मजकूर बदलला, चित्र तेच. रेवा यांच्या आवाज बंद करण्याच्या प्रयोगाशी याचं फार जवळचं नातं आहे.

---

अनुबोध

इथे आपल्याकडचा दुवा सांगायलाच हवा. आमच्या पिढीला थिएटरात मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट आणि वृत्तचित्र बघावंच लागायचं. लोक तेवढ्यात बाहेर जाऊन वडा खाऊन यायचे. ती सक्ती नेहरूंच्या काळात जन्मली असं पुष्कळांना वाटतं. ती याच युद्धातली आहे.

१९४० मध्ये मुंबईत ब्रिटिश सरकारने फिल्म अ‍ॅडव्हायजरी बोर्ड नेमलं. जे. बी. एच. वाडिया त्याचे अध्यक्ष होते. प्रत्यक्ष निर्मितीसाठी इंग्लंडहून अलेक्झांडर शॉ याला बोलावलं, तो तिथल्याच माहितीपट चळवळीत तयार झालेला माणूस. त्याच्यानंतर काही काळ हे काम व्ही. शांताराम यांनी पाहिलं. १९४३ मध्ये बोर्डाच्या जागी इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आलं, आणि भारत संरक्षण नियमांखाली प्रत्येक थिएटरला सरकारमान्य प्रचारपट दाखवणं बंधनकारक झालं. वर त्याचं भाडंही थिएटरवाल्यानेच भरायचं. लोकांना हा माल पसंत नव्हता. १९४६ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाने पैसे नाकारले आणि ते बंद पडलं. दोन वर्षांनी, १९४८ मध्ये, स्वतंत्र भारताच्या सरकारने फिल्म्स डिव्हिजन सुरू केलं आणि सक्तीचा तोच नियम पुढे चालवला.

मी स्वतः फिल्म्स डिव्हिजनचे काही माहितीपट अतिशय प्रेमाने पुन्हा पुन्हा पाहिले आहेत, तेव्हा हे टीका म्हणून लिहीत नाही. पण ज्या साच्यात आपण घडलो तो कुठला, हे ठाऊक असावं.

---

सुभेदार_निवृत्त

हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

---

गोदीवाला

आणि बॉम्ब न पडताही मुंबई हादरली तो दिवस कुणीच काढला नाही? १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, 'फोर्ट स्टिकाइन' जहाज. आत कापसाच्या गासड्या, सोन्याच्या विटा आणि सुमारे १४०० टन स्फोटकं. आग लागली, दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं गेली, ६६ बंबवाले गेले. आज आपण अग्निशमन सप्ताह पाळतो तो त्यांच्यासाठी.

पण या धाग्यात मी ते का आणतोय? कारण वर्तमानपत्रांना ते छापायची परवानगी नव्हती. अख्ख्या शहराने धूर पाहिला, सोन्याच्या विटा लोकांच्या अंगणात पडल्या, आणि बातमी जगाला पहिल्यांदा सांगितली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. इथे ती मोकळी झाली मे महिन्यात. एका भारतीय छायालेखकाने आगीचं चित्रीकरण केलं होतं, तेही लष्कराने ताब्यात घेतलं.

लंडनच्या माणसाच्या वाट्याला निदान एक फिल्म आली, अर्धी खरी का होईना. आमच्या मस्जिद बंदरच्या माणसाला 'मुंबई कॅन टेक इट' असं म्हणायलासुद्धा कुणी आलं नाही. माझे आजोबा बीपीटीत, म्हणजे बॉम्बे पोर्ट ट्रस्टमध्ये, होते. त्यांचा उजवा कान त्या दिवशी गेला तो कायमचा. त्यांनी महिनाभर वर्तमानपत्रात बातमी शोधली, असं आजी सांगायची.

---

रेवा

गोदीवाला, हे वाचून मला माझंच वाक्य पुन्हा तपासावंसं वाटतंय. मी म्हटलं होतं भीती काढून घेतली. तुमच्या आजोबांकडून तर घटनाच काढून घेतली.

---

कोकणकडा_रत्नागिरी

लंडनच्या गोद्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांतून कितीतरी घरांतले पुरुष साहेबाच्या जहाजांवर खलाशी होते. कोळसा ओढणारे, इंजिनखान्यातले, भांडारी. गोव्याचे लोक स्वयंपाकी आणि वाढपी असायचे. ही जहाजं लंडनच्या गोद्यांत लागायची, आणि ७ सप्टेंबरचे बॉम्ब पडले ते त्याच गोद्यांवर.

आमच्या गावात एका घरी मी लहानपणी ऐकलंय, त्यांचे पणजोबा त्या दिवसांत लंडनला जहाजावर होते. गावी परतल्यावर त्यांनी आयुष्यभर दिवाळीत फटाके वाजू दिले नाहीत अंगणात. घरचे म्हणायचे, म्हातारा खडूस आहे.

---

माधवी_वाई

माझ्याकडून एक नाव. वेणू चितळे. कोल्हापूरजवळच्या शिरोळच्या. युद्धाच्या काळात लंडनला बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये होत्या, आणि तिथे त्यांचे सहकारी होते जॉर्ज ऑर्वेल. ऑर्वेल हिंदुस्थानसाठी युद्धवार्तेची पत्रकं इंग्रजीत लिहायचे, त्यांचं मराठीत भाषांतर होऊन ती लंडनहून प्रक्षेपित व्हायची, आणि मराठी वाचणाऱ्यांत वेणूबाई होत्या. १९४२ चा बीबीसीचा एक फोटो आहे, त्यात टी. एस. एलियट, ऑर्वेल, मुल्कराज आनंद यांच्याबरोबर त्या दिसतात, साडीत. १९५० मध्ये त्यांची 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी आली.

प्रचार हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. पण तो करणाऱ्यांत ऑर्वेलसारखा माणूस होता, ज्याला आपण काय करतोय ते पुरतं कळत होतं, आणि साताऱ्या-कोल्हापुरात रेडिओला कान लावून बसलेल्यांपर्यंत तो आपल्या भाषेत पोचवणारी एक मराठी बाई होती. १९४२ मध्ये, इकडे 'चले जाव' चालू असताना. त्या रोज स्टुडिओत जाताना काय विचार करत असतील, हे मला नेहमी वाटतं.

---

गलबत

माधवीताई, वा! आणि त्याच लंडनमध्ये कृष्ण मेनन सेंट पँक्रसचे नगरसेवक असताना हवाई हल्ल्यांतले वॉर्डन म्हणून रात्री फिरत होते. फिल्ममधल्या 'लंडनच्या लोकां'त हीही माणसं होती, पडद्यावर मात्र नाहीत.

---

उत्तररात्र

सुभेदारकाकांच्या मुद्द्याकडे परत येतो. फिल्म तेव्हा गरजेची होती, हे मी पूर्ण मान्य करतो. मला अस्वस्थ करतं ते त्यानंतरचं.

फिल्म जगाला सांगते की बॉम्बने लोकांची हिंमत तुटत नाही. दीड वर्षाने, मार्च १९४२ मध्ये, चर्चिलचे वैज्ञानिक सल्लागार लॉर्ड चेरवेल (म्हणजे फ्रेडरिक लिंडमन) यांनी एक टिपण दिलं. त्याचा आशय असा की जर्मन शहरांतल्या कामगार वस्त्यांवर बॉम्ब टाकून लोकांची घरंच नाहीशी करा, म्हणजे त्यांचं मनोधैर्य खचेल. आधार म्हणून हल आणि बर्मिंगहॅम या बॉम्ब झेललेल्या ब्रिटिश गावांच्या पाहणीचा हवाला दिला होता. ती पाहणी सॉली झुकरमन आणि जे. डी. बर्नाल यांची. तिचा पूर्ण अहवाल काही दिवसांनी आला. त्यात मनोधैर्य खचल्याचा पुरावा मिळाला नाही, असं होतं.

म्हणजे स्वतःच्या गावांत काय घडलं ते मोजून हातात होतं. पडद्यावर तेच सांगून झालं होतं. तरीही हंबुर्गचा माणूस लंडनच्या माणसापेक्षा वेगळा निघेल असं धरून चालले. जुलै १९४३ च्या शेवटी हंबुर्गमध्ये आगीच्या वादळात ३५ हजारांहून जास्त माणसं मेली. जर्मन कामगार काही दिवसांनी कारखान्यात परत आले. तिथेही कुणीतरी कॅमेरा घेऊन 'हे लोक सहन करू शकतात' असं सांगणारं होतंच, गोबेल्सच्या खात्यातलं.

---

सुभेदार_निवृत्त

उत्तररात्र, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. तोफखान्यात आम्हाला शिकवायचे की समोरचा माणूस तुझ्याइतकाच शहाणा आणि तुझ्याइतकाच हट्टी आहे असं धरून नकाशा मांड. नाझींना रोखणं भाग होतं, त्यावर मी तसूभर हटणार नाही. पण तुम्ही सांगितलेल्या टिपणाने तो नियम मोडला होता, हे मला पटतं.

---

थेम्सकाठी

मी लंडनमध्ये एकोणीस वर्षं राहते आहे, सध्या पूर्वेकडे. कॅनिंग टाउन माझ्या घरापासून बसने वीस मिनिटं. हॉल्सव्हिल नावाची प्राथमिक शाळा त्या भागात आजही आहे. माझ्या मैत्रिणीची मुलगी तिथे जाते.

आमच्या शेजारी एक आजी राहतात, वय ९२. लहानपण इथलंच. त्यांना युद्धाआधी गावाकडे पाठवलं होतं, पण आईशिवाय करमेना म्हणून ऑगस्ट १९४० मध्ये परत आणलं. रेवाचा धागा वाचून मी काल संध्याकाळी टॅबलेट घेऊन त्यांच्याकडे गेले आणि फिल्म लावली. त्यांनी ती पूर्वी पाहिली होती, म्हणाल्या, खूप वर्षांपूर्वी टीव्हीवर, तुकड्यातुकड्यांत.

पूर्ण बघून झाल्यावर बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, आमच्या रस्त्यावर कुणी इतकं शांत नव्हतं. आई माझा हात एवढा घट्ट धरायची की दुखायचा. मी म्हटलं, मग हे खोटं आहे का? त्या म्हणाल्या, नाही, आई सकाळी कामाला गेलीच होती. साबणाच्या कारखान्यात होती.

चहा झाला. मी निघताना त्यांनी विचारलं, निवाऱ्यात लोक झोपलेत तो भाग परत लावशील का. लावला. मग म्हणाल्या, थांबव. टॅबलेट डोळ्यांजवळ नेला आणि एकेक चेहरा बघू लागल्या. मी विचारलं, काय बघताय? म्हणाल्या, कुणास ठाऊक, असेल कदाचित.

---

चंद्रकोर७१

सापडली का गं?

---

थेम्सकाठी

नाही. पण उद्या परत ये म्हणाल्यात, चष्मा बदलून बघायचंय.